शेवटचे दिवस : घरी की इस्पितळात?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिन हा आनंदाचा दिवस. दारात रांगोळी आहे, आतून मसालेभाताचा वास येतो आहे. अशा दिवशी मी मरणाच्या विषयावर बोलणार हे कळल्यावर आपल्या चिटणीसबाईंनी जरा काळजीनेच विचारले, "ताई, दुसरा एखादा विषय नाही का हो?" मी म्हटले, "पुष्कळ आहेत. पण गेल्या वर्षात आपण तीन घरी भेटायला गेलो, ते कॅन्सरने गेलेल्या माणसासाठी. तिन्ही ठिकाणी जिना उतरताना आपण एकच गोष्ट बोललो. एकीकडे म्हणालो, घरी उगाच ठेवले, इस्पितळात न्यायला हवे होते. दुसरीकडे म्हणालो, इस्पितळात उगाच नेले, घरी सुखाने गेली असती. जिन्यात जे कुजबुजतो, ते एकदा सभेत मोकळेपणी बोलू या." त्यांनी मान्य केले, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मी डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही. घरातल्या दोन माणसांची शेवटची शुश्रूषा मी केली, आणि त्यानंतर काही वर्षे अशा रुग्णांच्या घरी जाणाऱ्या एका पथकाबरोबर फिरले. तेथे जे पाहिले आणि जाणत्या माणसांकडून शिकले, तेवढेच आपल्यापुढे ठेवते. हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे मात्र कोणी समजू नये. २०२२ साली आपल्या देशात सुमारे चौदा लाख लोकांना नव्याने कॅन्सर झाला आणि नऊ लाखांवर लोक त्याने गेले, असा आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. पुष्कळ जण बरेही होतात, आणि वेळेवर तपासणी केली तर अधिक जण होतील. आज मी बोलणार आहे ते ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे त्यांच्याविषयी.

प्रथम माझ्या घरची गोष्ट सांगते. सांगताना अजून घसा दाटतो, पण सांगते.

२००९ साली माझ्या सासूबाईंना जठराचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया करण्याजोगी अवस्था राहिली नव्हती. सासूबाई फार स्पष्ट बोलणाऱ्या. एके दिवशी गॅलरीतल्या तुळशीजवळ बसल्या असताना त्या मला म्हणाल्या, "मला कुठे नेऊ नका ग. येथून मंडळाचे भजन ऐकू येते. मला येथेच राहू दे." मी "हो" म्हटले. एवढा एक शब्द मी त्यांना दिला होता.

पुढे दुखणे वाढले. दिवस कसाबसा जाई, रात्र जाईना. त्या उशी तोंडात धरून कण्हत, शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून. आमचे डॉक्टर भले गृहस्थ, पण ज्या गोळ्या देत त्यांचा अंमल तासभर टिके. "याहून जोरदार औषध मजजवळ नाही," असे ते म्हणत. मग एका रात्री त्यांच्या श्वासाला घरघर लागली. हातपाय गार पडले. हाक मारली तर ओ देईनात. आम्ही सारे घाबरलो. कोणी म्हणाले, "असे बघत काय बसलात? नंतर लोक काय म्हणतील?" रुग्णवाहिका आली. तासाभरात सासूबाई अतिदक्षता विभागात होत्या. नाकात नळी, घशात नळी, हाताला सुया, आणि त्या उपटू नयेत म्हणून मनगटे पलंगाला बांधलेली. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे एकाने आत जायचे. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पहाटे निरोप आला. त्या वेळी त्यांच्याजवळ आमच्यातले कोणी नव्हते.

त्या इस्पितळाला मी दोष देत नाही. तेथील माणसांनी त्यांचे काम केले. अतिदक्षता विभाग ही मोठी देणगी आहे. अपघात झालेला तरुण, न्यूमोनिया झालेले मूल, बाळंतपणात अत्यवस्थ झालेली स्त्री अशांना तेथील यंत्रे परत आणतात. पण ज्याच्या देहाचे सारे बळ आजाराने संपवले आहे, त्याला ती यंत्रे परत आणू शकत नाहीत, फक्त वाटेत थांबवून धरतात. आम्ही सासूबाईंना तेथे नेले ते कोणत्या उपायासाठी नव्हे, आमच्या भीतीपोटी. पुढे पथकाबरोबर फिरू लागले तेव्हा कळले, की शेवटच्या तासांत घशात साठलेला स्राव हलतो आणि घरघर होते. ऐकणाऱ्याला ती भयंकर वाटते, परंतु त्या अवस्थेत रुग्णाला तिची जाणीव बहुधा नसते. कुशीवर वळवले तर ती कमी होते, तिच्यावर औषधही आहे. हे एवढे वाक्य आम्हांला आधी कोणी सांगितले असते, तर माझा शब्द राहिला असता.

आणि दुसरी गोष्ट कळली ती याहून बोचणारी होती. जे "जोरदार औषध" आमच्या डॉक्टरांजवळ नव्हते, ते आमच्या घरापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर मिळत होते. त्याचे नाव मॉर्फीन. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आपणा सर्वांना ठाऊक आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. तेथे कॅन्सर बरा करण्याचे प्रयत्न होतात, तसाच जो बरा होणार नाही त्याच्या वेदना शमवण्याचा स्वतंत्र विभागही आहे, आणि तेथील माणसे रुग्णांच्या घरीही जातात. हे आम्हांला माहीत नव्हते. आम्ही विचारलेही नव्हते.

मॉर्फीनचे नाव काढले की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते, कारण ते अफूपासून काढतात. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफूची शेती होते. तरी आपल्याच माणसांना हे औषध दुर्मिळ झाले, याचे कारण १९८५ सालचा अमली पदार्थविरोधी कायदा. हेतू चांगला होता, पण नियम एवढे कडक झाले की इस्पितळाला चार-पाच निरनिराळे परवाने एकाच वेळी चालू ठेवावे लागत. डॉक्टर आणि औषधवाले धास्तावले, आणि औषध म्हणून मॉर्फीनचा वापर देशभर अगदी घटला. २०१४ साली कायदा सुधारला. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता एकाच परवान्यावर हे औषध ठेवता येते. म्हणून नेहमीच्या दुकानात ते दिसले नाही तरी निराश होऊ नये. कॅन्सर रुग्णालयात, पॅलिएटिव्ह केअर म्हणजे वेदनाशामक शुश्रूषा देणाऱ्या केंद्रात, मोठ्या सरकारी रुग्णालयात चौकशी करावी.

या औषधाविषयी चार गोष्टी लक्षात ठेवा. तोंडाने घ्यायच्या साध्या गोळीचा अंमल सुमारे चार तास राहतो, म्हणून ती घड्याळाच्या काट्यावर द्यायची असते, दुखू लागण्याची वाट पाहत बसायचे नसते. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, ती पुढे ओसरते. बद्धकोष्ठ मात्र हटकून होते, म्हणून त्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवे. आणि वेदनेसाठी योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिल्यास त्याने आयुष्य कमी होत नाही आणि व्यसन लागण्याची भीतीही फार थोडी असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. पहिल्या पायरीवर साध्या गोळ्या, दुसरीवर त्याहून जोराच्या, तिसरीवर मॉर्फीन. सासूबाईंना आम्ही दुसऱ्या पायरीवर कण्हत ठेवले, आणि त्यालाच घरची सेवा म्हणत राहिलो.

आता दुसरी हकिगत, अगदी उलट तऱ्हेची.

२०१९ साली माझ्या धाकट्या मावशीचा स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला आणि छातीवर जखम झाली. घर एका खोलीचे. मुलगा दिवसभर कामावर, सून दोन लहान मुलांना सांभाळून सारे करी. सासूबाईंच्या बाबतीत झालेली चूक पुन्हा व्हायची नाही, असे मी मनाशी ठरवले होते. मी सगळ्यांना बजावले, "मावशीला घरीच ठेवायचे." एकदा मोठ्या उत्साहाने मी तिलाही तसे सांगितले. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू मला विचारलेस का? मला येथे नको. जखमेला वास येतो, पोरे जवळ यायला बिचकतात. तिने माझी जखम धुवायची आणि त्याच खोलीत कणीक मळायची. रात्री मी कण्हले की चौघे उठून बसतात. मला जेथे हे सगळे करायला दुसरी माणसे असतील तेथे ने."

मी गप्पच झाले. मग चौकशी करून तिला शेवटच्या अवस्थेतील रुग्णांसाठी चालवलेल्या एका शुश्रूषागृहात नेले. तेथे दोन दिवसांत दुखणे आटोक्यात आले. जखम रोज नीट धुऊन त्यावर औषध घातल्यावर वास गेला. सून तिसऱ्या प्रहरी येई, पण आता तिच्या हातात बोळे आणि भांडे नसे. ती मावशीचे केस विंचरी, मुलांच्या शाळेतल्या गमती सांगे. दोघी हसत. मावशी म्हणाली, "घरी असताना हिच्याशी दोन शब्द बोलायला मला फुरसत नव्हती, आणि हिलाही." ती सतरा दिवस तेथे होती. गेली तेव्हा सुनेचा हात तिच्या हातात होता. आप्तांपैकी काहींनी मात्र "म्हातारीला टाकून दिले" असे म्हणायला कमी केले नाही. त्यांच्यातले कोणी एक दिवसही जखम धुवायला आले नव्हते.

भगिनींनो, या दोन हकिगतींवरून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. घर चांगले की इस्पितळ चांगले, हा वाद भिंतींचा नाही. तीन प्रश्न विचारायचे असतात. वेदना आवरली आहे का? रुग्णाला स्वतःला विचारले आहे का? आणि शुश्रूषा करणारी एकटी तर नाही ना? या तिहींची उत्तरे चांगली असतील तर घरही चांगले आणि शुश्रूषागृहही चांगले. नसतील तर घराचाही तुरुंग होतो.

हा विचार माझ्या एकटीचा नाही. लंडनमध्ये सिसिली सॉण्डर्स नावाच्या बाई होऊन गेल्या. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्या माणसांच्या वेदनेकडे वैद्यकाचे लक्ष वेधायचे तर डॉक्टरच व्हायला हवे म्हणून पुढे डॉक्टर झाल्या. १९४८ साली त्यांच्या देखरेखीखाली डेव्हिड तास्मा नावाचा एक पोलंडचा निर्वासित कॅन्सरने वारला. परक्या शहरात त्याचे कोणी नव्हते. बाईंच्या मनात अशा रुग्णांसाठी एक घर बांधण्याचा विचार होता. त्या घराला एक खिडकी ठेवावी म्हणून तो आपले पाचशे पौंड त्यांना देऊन गेला. त्या खिडकीभोवती घर उभे राहायला एकोणीस वर्षे लागली. १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. वेदना ही केवळ देहाची नसते, मनाची, घरच्या काळजीची आणि श्रद्धेचीही असते, आणि चारींवर उपचार हवा, हे त्या बाईंनी जगाला शिकवले.

आपल्याकडे असे पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले, डॉ. लुईस डिसोझा यांच्या पुढाकाराने. त्याचे नाव शांती अवेदना सदन. तेथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, जातधर्म विचारत नाहीत. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्यांनी असे सदन काढले. पुण्याला वारजे येथे १९९७ पासून सिप्ला प्रतिष्ठानचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे. तेथील पद्धत मला विशेष आवडते. घरच्या एका माणसाने रुग्णासोबत राहायचे, वेदना आटोक्यात आणण्याबरोबर त्या माणसालाही शुश्रूषा शिकवायची, आणि मग दोघांना घरी पाठवायचे. म्हणजे घर की इस्पितळ, असा एकदाच आणि कायमचा निवाडा करावा लागत नाही. काही दिवस तेथे, काही दिवस घरी, असेही चालते.

आता घरीच ठेवायचे ठरले, तर काय काय हवे ते थोडक्यात सांगते. हे भाग आपण कागदावर उतरवून घेतलेत तरी चालेल.

पहिली गोष्ट, औषधे आणि त्यांचा लेखी तक्ता. कोणती गोळी किती वाजता, आणि मधेच दुखले तर जादा काय द्यायचे, हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावे. औषध कुलपात ठेवावे. उरलेले मॉर्फीन केंद्राला परत करावे.

दुसरी गोष्ट, रात्री दोन वाजता फोन उचलील असे एक माणूस. डॉक्टर असोत की पथकातील परिचारिका असो. तो नंबर नसला की घाबरून रुग्णवाहिकेला फोन जातो, आणि आम्ही केले तेच तुम्ही कराल.

तिसरी गोष्ट, अंथरुण. एका अंगावर पडून राहिल्याने पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. दर दोन तासांनी कूस बदलावी, चादरीला सुरकुती ठेवू नये, हवेची किंवा पाण्याची गादी मिळाल्यास घ्यावी. तोंड कोरडे पडते, म्हणून ओल्या बोळ्याने ओठ, जीभ पुसून घ्यावी. धाप लागत असेल तर डोक्याकडची बाजू उंच करावी, खिडकी उघडावी, आणि पंख्याचा वारा चेहऱ्यावर येऊ द्यावा. साधी गोष्ट आहे, पण तिने फार बरे वाटते.

चौथी गोष्ट आपल्याला सर्वांत अवघड, ती जेवणाची. "एवढा एक घास घे ग" हे आपल्या जिभेवरच बसलेले असते. शेवटच्या दिवसांत भूक जाते, कारण देहालाच अन्न नको असते. आपण भरवले नाही म्हणून माणूस मरत नाही. मरणाकडे चालला आहे म्हणून खात नाही. बळेबळे भरवले तर ओकारी होते, ठसका लागतो. मागेल ते, मागेल तेव्हा, चमचाभर द्यावे. गंगाजळ घालायचे तेही थेंब-दोन थेंबच.

पाचवी गोष्ट, शेवट कसा येतो ते घरच्यांना आधी ठाऊक असावे. झोप वाढते, बोलणे कमी होते, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, श्वास थांबून थांबून येऊ लागतो. ही लक्षणे दिसली की धावपळ करू नये. जवळ बसावे, हात धरावा, हळू बोलावे. ऐकण्याची शक्ती बराच काळ टिकते असे अनुभवी माणसे सांगतात. म्हणून उशापाशी बसून वाटण्यांच्या आणि खर्चाच्या गोष्टी काढू नयेत.

सहावी गोष्ट कागदांची. घरी मृत्यू झाल्यास शेवटच्या आजारात तपासणाऱ्या डॉक्टरांचा दाखला लागतो, तो स्मशानातही मागतात. म्हणून आपल्या डॉक्टरांना आधीच सारी कल्पना देऊन ठेवावी आणि इस्पितळाचे कागद एका पिशवीत ठेवावेत. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करावी लागते.

हे सारे जमण्याजोगे नसेल, उलट्या किंवा रक्तस्राव आवरत नसेल, धाप घरच्या औषधाने बसत नसेल, किंवा घरी करणारे माणूसच नसेल, तर रुग्णाला शुश्रूषागृहात अथवा इस्पितळात नेण्यात काडीचाही कमीपणा नाही. मात्र दारातच डॉक्टरांना विचारावे, "हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी?" हा प्रश्न विचारायला धीर लागतो, पण चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

आता त्या विचारण्याविषयी दोन शब्द. आपल्या घरांतून एक रीत आहे. रुग्णाला आजाराचे नाव सांगायचे नाही. सगळ्या घराला ठाऊक, शेजाऱ्यांना ठाऊक, दूधवाल्याला ठाऊक. जिला झाला आहे तिला तेवढे ठाऊक नाही असे आपण मानतो. माझा अनुभव असा, की तिला बहुतेक वेळा कळलेले असते, आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून तीही नाटक करीत असते. मग कोणाला काय द्यायचे, कोणाची क्षमा मागायची, कोठे डोळे मिटायचे, हे सारे न बोलताच राहून जाते. मी असे म्हणत नाही, की जाऊन धाडकन सांगा. पण "तुझ्या मनात काय आहे?" एवढे तरी विचारा. ती जेवढे विचारील तेवढे खरे सांगा.

कायदाही आता या बाजूने आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बरे होण्याची आशा संपल्यावर केवळ यंत्रांवर जगवू नये, असे माणसाला आधी लिहून ठेवता येते. पूर्वी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. मी माझा कागद करून ठेवला आहे. सुनेला दाखवलाही आहे. ती आधी रडली, मग म्हणाली, "बरे झाले, आता मला तुमच्या वतीने ठरवावे लागणार नाही."

शेवटी मंडळापाशी माझे मागणे आहे. "घरी ठेवले" हे वाक्य आपण सहज बोलतो. पण घरी ठेवणे म्हणजे कोणाच्या तरी हातांवर ठेवणे, आणि ते हात जवळजवळ नेहमी एका बाईचे असतात. सुनेचे, लेकीचे, बायकोचे. तिची नोकरी सुटते, पाठ जाते, तीन-तीन महिने ती सलग चार तास झोपत नाही. आपण तिच्याकडे भेटायला जातो तेव्हा तिलाच उठून आपल्यासाठी चहा टाकावा लागतो.

केरळात या गोष्टीवर शेजाऱ्यांनी तोड काढली. कोझिकोडला १९९३ साली डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशामक उपचारांची संस्था काढली. डॉक्टर थोडे, रुग्ण फार. तेव्हा वस्तीवस्तीतल्या साध्या माणसांना शिकवून तयार केले. अट एवढीच, की आठवड्याला निदान दोन तास द्यावेत. शिक्षक आले, दुकानदार आले, विद्यार्थी आले, घरच्या बाया आल्या. २००८ साली तेथील सरकारने त्यासाठी धोरण केले, आणि आज तेथे ग्रामपंचायतींच्या मार्फत परिचारिका घरोघर जातात. तेथील माणसे काही आपल्याहून निराळी नाहीत. त्यांनी दोन तास दिले, एवढेच.

आपणही दोन तास देऊ शकतो. आपल्या मंडळात भजनाला वेळ आहे, सहलीला आहे, पाककृतींच्या स्पर्धेला आहे. आणि तो असावाच. त्यातले आठवड्याचे दोन तास अशा एका घरी जाऊन बसायचे. रुग्णाजवळ आपण बसायचे आणि त्या बाईला म्हणायचे, "तू जा, न्हाऊन घे, झोप, बाजारात जाऊन ये." चहा आपण घरून न्यायचा. येत्या संक्रांतीला वाणाच्या डब्या-वाट्या लुटण्याऐवजी त्या पैशांतून एक हवेची गादी, एक भांड्याची खुर्ची आणि एक पाठ टेकायची फळी घेऊन मंडळाच्या कपाटात ठेवू. ज्या घरी लागेल त्या घरी ती जाईल, काम झाले की परत येईल. आणि तेराव्यानंतर, जेव्हा पाहुणे पांगतात आणि घर एकदम रिकामे होते, तेव्हाही आपल्यापैकी एकीने तेथे जायचे. नवरा गेलेल्या बाईला पुढच्या हळदीकुंकवाला आपणच हाताला धरून आणायचे. तेथे कोणी नाक मुरडील तर मी आहे.

माझ्या सासूबाईंना दिलेला शब्द माझ्याकडून पाळला गेला नाही. तो आता पाळता येत नाही. पण या वसाहतीत यापुढे कोणा बाईला घाबरून, एकटीने, मध्यरात्री तसा निर्णय घ्यावा लागू नये, एवढे आपल्याला करता येईल. दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. जेवून जाताना ज्यांना जमेल त्यांनी आपले नाव आणि आठवड्यातला वार तीत लिहावा. मंगळवारी दुपारी दोन ते चार माझे नाव मी सकाळीच लिहून ठेवले आहे.

 आता मसालेभात निवण्याआधी मी आपली रजा घेते.